मारिएन्थालचे बेकार : दारिद्र्य आणि माणसामाणसांतील बंध

दारिद्र्याविषयी बोलताना आपण बहुधा दोन गोष्टी गृहीत धरून चालतो. पहिली अशी, की श्रीमंती माणसांना एकमेकांपासून दूर करते, पण गरिबांत जिव्हाळा असतो. हालअपेष्टा माणसांना जवळ आणतात. दुसरी अशी, की दारिद्र्याची परिसीमा झाली म्हणजे माणूस पेटून उठतो. पहिल्या समजुतीवर आम्ही धर्मोपदेशक मंडळी प्रवचने करतो. दुसरीवर राजकीय पुढारी भाषणे ठोकतात. ह्या दोन्ही समजुती एकदा प्रत्यक्ष गावात जाऊन, कुटुंबागणिक, तासागणिक आणि पैपैचा हिशेब मांडून तपासण्यात आल्या. ती तपासणी १९३१-३२ च्या हिवाळ्यात ऑस्ट्रियातील मारिएन्थाल ह्या गिरणीवस्तीत झाली. तिच्यातून निघालेले उत्तर दोन्ही पक्षांना अडचणीचे होते. त्या संशोधनाचा आणि संशोधकांचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, ह्या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

एका गिरणीभोवती वसलेले गाव

मारिएन्थाल हे व्हिएन्ना शहराच्या आग्नेयेस, आगगाडीने सुमारे अर्ध्या तासाच्या अंतरावर, ग्रामाटनॉयझीडल ह्या गावाला लागून सपाट प्रदेशात वसलेले आहे. हेर्मान टोडेस्को ह्या उद्योजकाने १८३० साली तेथे सूतगिरणी काढली आणि गिरणीमागोमाग वस्ती आली. मजुरांसाठी एकसारखी, लांबच लांब बैठी घरे बांधण्यात आली. कताई, विणाई, धुलाई, छपाई अशी एकेक खाती वाढत गेली. आजा, बाप आणि नातू एकाच फाटकातून आत जाऊ लागले. गावाला स्वतःचे वाचनालय होते, नाट्यमंडळ होते, फुटबॉलचा संघ होता, बाग होती. मजुरांच्या राजकीय संघटनाही जोमदार होत्या. निवडणुकीत गावात चुरस असे, वादविवाद झडत.

१९१८ साली ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळले. कालपर्यंत ज्या बाजारपेठा घरच्या होत्या त्या एका रात्रीत परदेशी झाल्या आणि त्यांच्याभोवती जकातीच्या भिंती उभ्या राहिल्या. कापडधंद्याला लागलेली ही घरघर पुढे जागतिक मंदीने पुरी केली. १९२९ च्या जुलैपासून मारिएन्थालची एकेक खाती बंद होत गेली. प्रथम कताई, मग छपाई, त्यानंतर धुलाई. आणि १९३० च्या फेब्रुवारीत अखेरचे माग थांबले. गिरणीच्या इमारतींचा काही भाग पाडण्यात आला. ज्या धुराड्याखाली तीन पिढ्या जगल्या त्याच्या शेजारचे दगडविटांचे ढीग लोकांना आपल्या खिडकीतून दिसू लागले. गिरणी बंद पडणे म्हणजे काय, हे १९८२ चा मुंबईतील संप आठवणाऱ्या मराठी वाचकाला अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

संशोधन सुरू झाले तेव्हा मारिएन्थालमध्ये ४७८ कुटुंबे आणि १,४८६ माणसे होती. त्यांतील ३६७ कुटुंबांत एकही माणूस कामावर नव्हता. ऑस्ट्रियात १९२० पासून बेकारीच्या विम्याचा कायदा होता, म्हणून उपासमारीने माणसे पटापट मेली नाहीत. पूर्वीचा पगार आणि पोसण्याची माणसे ह्यांच्या प्रमाणात काही महिने भत्ता मिळे. ती मुदत संपली की त्याहून कमी रकमेचे आपत्कालीन साहाय्य मिळे. तीही मुदत संपली की काहीच नाही. शिवाय भत्ता घेणाऱ्याने एक पैचीही कमाई करायची नाही, अशी अट होती. लाकूडफाट्याच्या बदल्यात झाडे तोडू लागलेल्या माणसाचा भत्ता बंद झाला. घरोघर दूध पोहोचवून मुलांसाठी थोडे दूध मिळवणाऱ्या बाईचाही बंद झाला. कायद्याने माणसाला जगवले खरे, पण त्यासाठी हात बांधून बसण्याची शिक्षाही दिली.

संशोधक आणि त्यांचा नियम

व्हिएन्ना विद्यापीठात कार्ल ब्यूलर आणि शार्लोट ब्यूलर हे पतिपत्नी मानसशास्त्राचे अध्यापन करीत. त्यांच्या भोवतीच्या तरुणांपैकी पाउल लाझार्सफेल्ड हा मूळचा गणिताचा पदवीधर. त्याने एक छोटे संशोधन केंद्र उभारले होते. कामाचे तास कमी झाल्यामुळे मजुरांना जी फुरसत मिळू लागली तिचे ते काय करतात, ह्याचा अभ्यास करावा असे त्याच्या मनात होते. हा बेत त्याने समाजवादी लोकशाही पक्षाचे नेते ओटो बाउअर ह्यांच्या कानी घातला. बाउअर ह्यांनी त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. देशात लोक कामावाचून तडफडत असताना फुरसतीचा अभ्यास कसला करता, बेकारीचा करा, असे त्यांनी सुनावले. मारिएन्थालचे नावही त्यांनीच सुचवले, असे लाझार्सफेल्ड पुढे सांगत. अशा रीतीने एका राजकीय पुढाऱ्याच्या रागातून समाजशास्त्रातील एका अभिजात ग्रंथाचा जन्म झाला.

लाझार्सफेल्ड तेव्हा तिशीत होता. त्याची पत्नी मारी याहोडा पंचविशीचीही नव्हती. तिसरा सहकारी हान्स झाइझेल हा कायद्याचा अभ्यासक. ग्रंथाचे बहुतांश लेखन याहोडाने केले. प्रत्यक्ष गावात काम करणारी मंडळी दहाबारा होती. त्यांपैकी लोटे डान्झिंगर ही तरुणी काही आठवडे गावातच राहिली आणि तिने शंभर घरांना भेटी दिल्या.

ह्या मंडळींनी स्वतःवर एक नियम घालून घेतला होता. तो आम्हांला त्यांच्या साऱ्या आकडेवारीइतकाच मोलाचा वाटतो. गावात कोणीही केवळ निरीक्षक म्हणून वावरायचे नाही, प्रत्येकाने गावाच्या उपयोगी पडेल असे काहीतरी काम केलेच पाहिजे, असा तो नियम होता. त्यांनी व्हिएन्नात जुने कपडे गोळा केले, ते स्वच्छ करून, ठिगळे लावून गरजूंना वाटले. डॉक्टरांनी मोफत तपासणी सुरू केली. मुलींसाठी व्यायामाचा वर्ग निघाला, स्त्रियांना कपडे बेतण्याचे शिक्षण देण्यात आले. कोणते कपडे हवेत हे विचारण्यासाठी घरी गेले की घर दिसे, माणसे बोलत, चूल दिसे आणि चुलीवर काय शिजते तेही दिसे. गरिबाच्या घरी रिकाम्या हाताने आणि कोरी वही घेऊन जाऊ नये, एवढे शहाणपण ह्या तरुणांना होते.

त्यांनी जमवलेल्या कागदांचे वजन तीस किलो भरले असे सांगतात. प्रत्येक कुटुंबाची नोंद, स्त्रीपुरुषांच्या तोंडून ऐकलेल्या जीवनकथा, चाळीसेक घरांतील रोजच्या जेवणाचे टिपण, शाळकरी मुलांचे निबंध, वाचनालयाची खातेवही, वर्तमानपत्रांचा खप, मतदानाचे आकडे, असे काय काय त्यांत होते. आकडा आणि माणूस ह्यांची फारकत न करता दोन्ही जवळ ठेवायचे, ही त्यांची पद्धत होती.

फुरसत आणि ग्रंथालय

मजुरांना वेळ मिळाला तर ते वाचतील, शिकतील, सार्वजनिक कार्यात भाग घेतील, अशी त्या काळच्या सुधारकांची श्रद्धा होती. मारिएन्थालच्या लोकांजवळ आता वेळच वेळ होता. मजुरांच्या वाचनालयाने पुस्तकांची वर्गणीसुद्धा माफ केली होती. तरीही १९२९ ते १९३१ ह्या दोन वर्षांत नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. पूर्वी वाचणाऱ्यांतील पुष्कळांनी वाचन सोडले आणि ज्यांनी सोडले नाही तेही कमी वाचू लागले. मजूर पक्षाचे वैचारिक दैनिक बेकारांना सवलतीत मिळत होते. त्याचे वर्गणीदार १९२७ ते १९३० ह्या अवधीत साठ टक्क्यांनी घटले. हलक्याफुलक्या करमणुकीच्या पत्राचा खप मात्र त्या मानाने पुष्कळ कमी उतरला. गावच्या बागेची हिरवळ माजली, वाटांवर गवत उगवले. निगा राखायला हात शेकड्यांनी रिकामे होते. कोणी पुढे आले नाही.

नाट्यमंडळात पूर्वी सांगण्यासारखे पुष्कळ असे. आता नट होते, पण उमेद नव्हती. राजकारणाची तीच कथा. मतदानाला लोक पूर्वीसारखेच जात आणि बहुधा पूर्वीच्याच पक्षाला मत देत. पण सभा, वाद, कामाची तळमळ हे सारे ओसरले. ज्या संस्थेच्या सभासदत्वामुळे काही प्रत्यक्ष लाभ पदरात पडे ती संस्था टिकून राहिली. जेथे केवळ ध्येयासाठी एकत्र यायचे ती रिती होत गेली.

येथे पहिला महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. काम संपले म्हणजे केवळ मजुरी संपत नाही. कामाच्या कडेने जी फुरसत असते तिलाही अर्थ असतो तो कामामुळेच. कामाची चौकट निखळली की फुरसतही पसरट होऊन वाया जाते.

मुख्य रस्त्यावरील चाल

संशोधकांपैकी एकाने खिडकीआड उभे राहून गावच्या मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांची चाल टिपली. पुरुषांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश जण त्या छोट्याशा अंतरात दोन किंवा अधिक वेळा थांबले. न थांबता शेवटपर्यंत जाणारा दहांत एखादाच. स्त्रियांपैकी मात्र फारच थोड्या अशा थांबल्या. आणखी शंभर पुरुषांची पाहणी केली तेव्हा ८८ जणांच्या अंगावर घड्याळ नव्हते. त्यांतील ३१ जणांच्या घरी ते होते, पण बरोबर घेण्याचे कारणच उरले नव्हते.

ऐंशी माणसांकडून दिवसाचे वेळापत्रक भरून घेतले. पुरुषांच्या कागदावर उठणे, जेवणे, निजणे अशा दोनचार नोंदी सापडत आणि मधली जागा कोरी असे. सकाळचे तीन-चार तास कोठे गेले हे त्यांना आठवतही नसे. दुपारच्या जेवणाला घरी येण्यास नवरा उशीर करतो, अशी तक्रार बायका करीत. ज्याला दिवसभर काही काम नाही तोच वेळेवर येत नाही, हा विरोधाभास त्यांनाही खटके.

स्त्रियांच्या वेळापत्रकात कोरी जागा नव्हती. धुणे, भांडी, स्वयंपाक, फाटलेल्याला ठिगळ आणि ठिगळाला पुन्हा ठिगळ, ह्यात त्यांचा दिवस रात्रीपर्यंत भरलेला असे. त्यांची मजुरी गेली होती, काम गेले नव्हते. तरीही त्यांपैकी अनेक जणी म्हणत, की गिरणी सुरू झाली तर आम्ही उद्या परत जाऊ. पूर्वी गिरणीतील पाळी करून घरचे सारे करावे लागे, रात्री पाठ टेकायला उशीर होई, हे त्या विसरल्या नव्हत्या. केवळ पगारासाठी त्यांना परत जायचे होते असेही नव्हे. गिरणीत चार माणसे भेटत, चार गोष्टी कानांवर पडत, घराच्या चार भिंतींपलीकडचे एक आयुष्य होते. ते त्यांना हवे होते.

काळाची मोठी मापेही बदलली. आठवड्याचे माप मोडून पडले. रविवार हा शाळेत जाणाऱ्या मुलांपुरता रविवार राहिला. मोठ्यांच्या लेखी तो इतर दिवसांसारखाच एक दिवस झाला. त्याची जागा भत्ता मिळण्याच्या पंधरवडी दिवसाने घेतली. तो दिवस आला की घरात थोडे बरे शिजे, मुलांना खाऊ मिळे, देणी फिटत. शाळेतील मुलांच्या डब्यांची पाहणी करण्यात आली. भत्त्याच्या आदल्या दिवशी निम्म्या मुलांजवळ कोरडा पाव होता किंवा काहीच नव्हते. भत्त्याच्या दुसऱ्या दिवशी जवळजवळ सगळ्यांजवळ नीट खाणे होते. विश्रांतीचा दिवस हा श्रमाचा मुकुट आहे. श्रमच हिरावले गेले म्हणजे विश्रांतीचा दिवसही हिरावला जातो. रविवारच्या पावित्र्याविषयी बोलणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना हे ध्यानात ठेवावे लागेल.

नाताळची मागणी

नाताळात कोणती भेट मिळावी असे वाटते, ह्या विषयावर मारिएन्थालच्या आणि आसपासच्या गावांतील मुलांकडून निबंध लिहून घेतले. मुलांनी मागितलेल्या वस्तूंची किंमत काढली तेव्हा आसपासच्या मुलांच्या मागण्या सरासरी ३६ शिलिंगांच्या भरल्या आणि मारिएन्थालच्या मुलांच्या केवळ १२ शिलिंगांच्या. शिवाय मारिएन्थालच्या मुलांनी आपली इच्छा पुष्कळदा अटीच्या भाषेत मांडली होती : आईवडिलांपाशी पैसे असते तर अमुक मागितले असते. कल्पनेला काही मोल पडत नाही. कागदावर मुलाने हत्ती मागितला तरी कोणाचे काय जाते? पण ह्या मुलांनी कल्पनेतसुद्धा हात आखडता घेतला होता. दारिद्र्य प्रथम ताटातून वस्तू काढून घेते आणि मग मनातून इच्छा काढून घेते, ह्याचा इतका साधा आणि इतका विदारक पुरावा आम्ही अन्यत्र वाचलेला नाही.

नाती : जोडणारी आणि तोडणारी

मग शेजारधर्माचे काय झाले? गरिबांतील जिव्हाळ्याचे काय? येथे संशोधकांनी प्रामाणिकपणे दोन्ही बाजू नोंदवल्या आहेत. शेजारच्या मुलांना आपल्या घरी जेवू घालणारी कुटुंबे होती. एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जाणारी माणसे होती. राजकीय पक्षांतील जुने वैर पूर्वीइतके धारदार राहिले नव्हते. पण त्याच काळात, अमका माणूस भत्ता घेऊनही चोरून काम करतो, अशा निनावी चहाड्या सरकारदरबारी वाढल्या आणि चौकशीअंती खोट्या ठरणाऱ्या चहाड्यांचे प्रमाणही वाढले. घरांतही दोन तऱ्हा दिसल्या. काही जोडप्यांचे पूर्वी पटत होते ते अधिक घट्ट झाले. ज्यांच्यात आधीच चीर होती तेथे ती रुंदावली. आपत्ती नाती निर्माण करीत नाही आणि एका फटक्यात तोडतही नाही. जे असते त्याची ती परीक्षा घेते, आणि परीक्षा लांबत गेली म्हणजे मजबूत नातीही थकतात.

शंभर घरांच्या भेटींवरून संशोधकांनी कुटुंबांचे चार प्रकार पाडले. पहिला न खचलेल्यांचा. घर नीटनेटके, मुलांची आबाळ नाही, काम शोधण्याची धडपड चालू, उद्याचे बेत मनात. दुसरा शरण गेलेल्यांचा. येथेही घर स्वच्छ, मुलांची काळजी घेतलेली, घरात एक प्रकारची शांतताही; पण बेत नाहीत, आशा नाही, आणि गरजा दिवसेंदिवस आवळत नेलेल्या. तिसरा हताश झालेल्यांचा. घर अजून सावरलेले, पण मनात सतत पूर्वीच्या बऱ्या दिवसांशी तुलना आणि सारे व्यर्थ असल्याची जाणीव. चौथा सर्व सोडून दिलेल्यांचा. घर अस्ताव्यस्त, मुले दुर्लक्षित, भांडणे, दारू. भेटी दिलेल्या शंभर घरांत हे प्रमाण अनुक्रमे १६, ४८, ११ आणि २५ असे निघाले. ही घरे अधिक गरजू होती म्हणून निवडलेली. त्यामुळे सर्व गावाचा अंदाज बांधताना संशोधकांनी न खचलेले २३ टक्के, शरण गेलेले ६९ टक्के आणि अखेरचे दोन प्रकार मिळून ८ टक्के असे धरले.

त्यानंतर त्यांनी ह्या चार प्रकारांच्या शेजारी मिळकत मांडली. मुलांचा वाटा मोठ्यांहून कमी धरून माणशी दरमहा मिळकत अशी निघाली : न खचलेले ३४ शिलिंग, शरण गेलेले ३०, हताश २५, सर्व सोडून दिलेले १९. आशा आणि निराशा ह्यांमधील अंतर दरमहा पंधरा शिलिंगांचे निघाले. भत्त्याची एक पायरी उतरली की माणूसही मनाने एक पायरी उतरतो, असे त्यांचे म्हणणे. मनोबल हे केवळ शिलिंगांनी ठरते असे आम्ही म्हणणार नाही. अगदी थोडक्या मिळकतीतही ताठ उभी राहिलेली कुटुंबे त्यांनाही आढळली, आणि ज्याचे पूर्वायुष्य सुखात गेले त्याचे मन कधी अधिक टिकले, तर कधी अधिक मोडले, असेही त्यांनी लिहिले आहे. परंतु खचलेल्या माणसाला श्रद्धेचा उपदेश करण्यापूर्वी त्याच्या घरी महिन्याला किती येते हे विचारावे, एवढा धडा ह्या चार आकड्यांतून नक्कीच मिळतो.

सर्वांत अधिक विचार करायला लावतो तो मधला, मोठा गट. घर स्वच्छ, भांडण नाही, मागणी नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे समाधानी गरीब वाटले असते. कदाचित आम्ही त्यांना व्यासपीठावरून आदर्श म्हणून गौरवलेही असते. संतोष हा सद्गुण आहे. पण ज्याच्यापाशी निवड असते त्याचा संतोष सद्गुण. मारिएन्थालच्या दहांतील सात कुटुंबांनी गरजा कमी केल्या त्या आत्मसंयमनाने नव्हे, तर आशा सोडून. पेटून उठण्याची अपेक्षा बाळगणाऱ्या क्रांतिवाद्यांनाही ह्याच गटाने निरुत्तर केले. आशा सोडलेला माणूस उठत नाही. तो रस्त्यात थांबतो.

आणि तरीही माणूस हिशेबी यंत्र होत नाही. जेथे इंच इंच जमिनीत बटाटे लावायला हवेत अशा मजुरांच्या वाफ्यांत काही जणांनी फुलझाडे लावली होती. पन्नाशीच्या एका बाईने केस कुरळे करण्याचा चिमटा हप्त्याने विकत घेतला. अशा खर्चाला उधळपट्टी म्हणून नाके मुरडणारे सगळीकडे असतात. संशोधकांनी नाके मुरडली नाहीत. त्यांनी ते टिपून ठेवले. ज्याचे सर्व काही गेले त्याला आपण अजून माणूस आहोत हे कोठेतरी स्वतःला दाखवून द्यावेसे वाटते, हे त्यांना उमगले असावे.

ग्रंथाचे आणि लेखिकेचे नशीब

ग्रंथ १९३३ साली जर्मनीत लाइपझिग येथे छापला गेला. त्याच वर्षी ३० जानेवारीला हिटलर सत्तेवर आला होता. लेखक ज्यूवंशीय असल्याने प्रकाशकाने त्यांची नावे मुखपृष्ठावर घातली नाहीत. पुस्तक विस्मृतीत गेले. त्याची दुसरी जर्मन आवृत्ती १९६० साली आणि इंग्रजी भाषांतर १९७१ साली निघाले. लाझार्सफेल्ड १९३३ सालीच शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेला आणि तेथील समाजशास्त्राचा एक आधारस्तंभ झाला. झाइझेलला १९३८ साली देश सोडावा लागला.

ऑस्ट्रियातही १९३३ च्या मार्चमध्ये डॉल्फुस ह्या पंतप्रधानाने संसद बंद पाडली. १९३४ च्या फेब्रुवारीत व्हिएन्नातील मजुरांच्या वसाहतींवर तोफा डागण्यात आल्या आणि समाजवादी पक्षासह त्याच्या सर्व संघटनांवर बंदी आली. मजुरांची मंडळे, वाचनालये, क्रीडासंघ देशभर बुडाले किंवा जप्त झाले. दारिद्र्याने जे बंध सैल केले होते ते आता हुकमाने तोडण्यात आले. येथे आम्हां कॅथलिकांना एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. पोप अकरावे पायस ह्यांनी १५ मे १९३१ रोजी, मारिएन्थालचे संशोधन सुरू होण्याच्या काही महिने आधी, समाजव्यवस्थेवरील आपले परिपत्रक प्रसिद्ध केले होते. खालच्या, लहान संस्थांना जे करता येते ते वरच्या सत्तेने हिरावून घेऊ नये, हे त्यातील एक मूलतत्त्व होते. डॉल्फुसच्या राजवटीने ह्याच परिपत्रकाची ग्वाही देऊन १ मे १९३४ रोजी नवी राज्यघटना जाहीर केली. आणि गावोगावच्या मजुरांच्या लहान संस्था मात्र मोडून काढल्या. धर्मवचनाचा आधार घेणारा प्रत्येक जण धर्मवचन पाळतोच असे नाही.

मारी याहोडा देशात मागे राहिली होती. बंदी घातलेल्या समाजवाद्यांचे भूमिगत काम केल्याबद्दल तिला १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये अटक झाली. देश सोडून जाण्याच्या अटीवर १९३७ च्या जुलैत तिची सुटका झाली आणि ती इंग्लंडला पोहोचली. तेथे तिने दक्षिण वेल्समधील बेकार खाणकामगारांसाठी चालवलेल्या एका योजनेचा अभ्यास केला. बाजारासाठी नव्हे, तर स्वतःच्या उपयोगासाठी वस्तू तयार कराव्यात, अशी ती क्वेकर मंडळींची सद्हेतूची योजना होती. याहोडाला तिच्यात बऱ्याच उणिवा आढळल्या. तिने तो अहवाल योजनेच्या चालकाला वाचायला दिला, त्याला झालेले दुःख पाहिले आणि तो छापायचा नाही असे ठरवले. तो १९८७ साली, अर्ध्या शतकाने प्रकाशित झाला. सत्य लपवावे असे आम्ही म्हणत नाही. पण ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांचेही काही देणे लागते, हा मारिएन्थालचा नियम ती वेल्समध्येही विसरली नव्हती.

पुढे अमेरिकेत आणि १९५८ नंतर पुन्हा इंग्लंडमध्ये तिने अध्यापन केले. मारिएन्थालनंतर अर्धशतकाने, १९८२ साली लिहिलेल्या ग्रंथात तिने आपल्या चिंतनाचे सार मांडले. नोकरी माणसाला पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देते, असे तिचे प्रतिपादन : दिवसाला आखणी, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, एकट्याच्या पलीकडचे सामाईक उद्दिष्ट, समाजातील स्थान आणि नियमित हालचाल. काम कष्टाचे आणि कंटाळवाणे असले तरीही ह्या गोष्टी ते देते. म्हणून बेकारी ही नुसत्या भत्त्याने भरून निघणारी तूट नव्हे. मात्र भत्ता नको असा ह्याचा अर्थ लावणाऱ्यांना तिने कधी साथ दिली नाही. ३४ आणि १९ शिलिंगांमधील अंतर तिने स्वतः मोजले होते. २८ एप्रिल २००१ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी इंग्लंडमध्ये तिचे निधन झाले.

पुन्हा त्याच गावात

ह्या इतिहासाला अलीकडे एक नवे प्रकरण जोडले गेले. २०२० च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रियाच्या रोजगार सेवा विभागाने ग्रामाटनॉयझीडल येथेच, म्हणजे मारिएन्थालच्या भूमीवर, एक प्रयोग आरंभला. वर्षाहून अधिक काळ बेकार असलेल्या गावातील प्रत्येकाला, त्याची इच्छा असल्यास, रीतसर वेतनाचे काम मिळण्याची हमी देण्यात आली. सक्ती नव्हती. ऑक्सफर्डच्या अर्थशास्त्रज्ञांनी ह्या प्रयोगाचे मूल्यमापन केले तेव्हा सहभागी माणसांची मिळकत तर वाढलीच, पण त्यांच्या दिवसाला पुन्हा आखणी आली, माणसांत उठबस वाढली, समाजात आपल्याला स्थान आहे ही भावना बळावली, असे आढळले. शारीरिक आरोग्यात मात्र फारसा फरक दिसला नाही. याहोडाच्या पाच गोष्टी नव्वद वर्षांनी त्याच गावात पुन्हा मोजल्या गेल्या.

ह्या संशोधनाकडे आम्ही गावाच्या जखमेचे वर्णन म्हणून तर पाहतोच, पण त्याहून अधिक एक कसोटी म्हणून पाहतो. आपल्या धर्मग्रामांतून दानधर्म होतो, धान्य वाटले जाते, शाळेची फी भरली जाते. हे व्हायलाच हवे. मारिएन्थालच्या मुलांच्या डब्यांची पाहणी हेच सांगते. परंतु मदत घेणारा माणूस मदतीनंतर एकटाच राहतो की आपल्या मंडळांत, सभांत, गायनवृंदात, सणाच्या तयारीत त्याला काही काम आणि काही मान मिळतो, हे आपण क्वचितच पाहतो. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, एवढ्यावरच नाते थांबले तर पोट भरते, पण बंध जुळत नाही. गरिबाला काही देणे हे सोपे आहे. त्याच्याकडून काही घेणे, त्याच्यावाचून आपले एखादे काम अडते असे त्याला दिसू देणे, हे अवघड आहे.

आणि शेवटी, जो गरीब काही मागत नाही त्याचीही चौकशी करावी. त्याचे घर स्वच्छ असेल, मुले नीट असतील, ओठांवर तक्रार नसेल. मारिएन्थालच्या ६९ टक्क्यांचे असेच होते. तो शांत आहे म्हणून सुखी आहे असे समजून आपण पुढे जाऊ नये. त्याला उद्याविषयी विचारावे. उद्याचा काही बेत सांगता आला तर देवाचे आभार मानावेत. सांगता आला नाही तर आपले काम तेथून सुरू होते.